पावतीवरचं कलम

पावसाच्या पहिल्या सरींनंतर पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या बाजारांत रानभाज्या येतात: शेवळं येतात, लोत येते, पुढे करटोली येतात. पाड्यावरून पहाटे निघालेली बाई रस्त्याच्या कडेला गोणपाट पसरते आणि त्यावर भाजीचे वाटे मांडते. थोड्या वेळाने पावतीपुस्तक घेतलेला माणूस येतो, एक पान फाडतो, जागेचे पैसे घेतो आणि पुढच्या गोणपाटाकडे वळतो. समजा, त्या बाईने त्याला थांबवून विचारलं, "भाऊ, हे पैसे कुठल्या कायद्याने घेता?"

या प्रश्नासाठी देशाच्या राज्यघटनेत एक आख्खं कलम आहे. कलम २६५. कायद्याचा अधिकार असल्याशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही, एवढंच ते सांगतं. कलम एका वाक्याचं आहे, पण त्यात मोठ्या करदात्याला एक न्याय आणि लहानाला दुसरा असं काही नाही. कोट्यवधींचा प्राप्तिकर मागणाऱ्या अधिकाऱ्याला जो पुरावा द्यावा लागतो, तोच पुरावा घरपट्टी मागणाऱ्यालाही द्यावा लागतो. कर न म्हणता फी म्हटलं, तरी तिच्यामागे कायदा लागतोच. शेवळांच्या वाट्यांमागे बसलेल्या बाईच्या प्रश्नाला उत्तर देणं हे त्या पावती फाडणाऱ्याचं कर्तव्य आहे. ते उत्तर शोधायला निघालं की माणूस थक्क होतो, कारण त्या एका चिटोऱ्यामागे किती कायदे, किती काळ आणि किती माणसं उभी आहेत ते हळूहळू दिसू लागतं.

उत्तर आधी ती बाई कुठे बसली आहे यावर ठरतं. जव्हार शहरात बसली असेल तर तिथे नगर परिषद आहे, १९१८ सालची, म्हणजे मुकणे राजांच्या संस्थानी काळातली. आज ती १९६५ च्या नगर परिषदांच्या अधिनियमाखाली चालते. शहराची हद्द ओलांडून पुढच्या गावात बसली असेल तर तिथे ग्रामपंचायत आहे आणि तिचा कायदा १९५८ चा. शिवाय जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशानुसार पूर्णपणे अनुसूचित क्षेत्र आहेत. म्हणून गावांना आणखी एक कायदा लागू होतो. तो १९९६ सालचा, पंचायतींचा विस्तार अनुसूचित क्षेत्रांत करणारा. इथे सगळे त्याला पेसा म्हणतात.

पेसा फक्त गावांना आहे, शहरांना नाही. घटनेतल्या नगरपालिकांच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाहीत. त्या लागू करायच्या तर संसदेने वेगळा कायदा करायला हवा, असं कलम २४३ यग सांगतं. तसं विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत आलं आणि संमत झालं नाही. त्यामुळे जव्हार शहरातला माणूस अनुसूचित क्षेत्रात राहतो, पण पेसाची ग्रामसभा त्याच्याकडे नाही. मोखाडा गावाची नगरपंचायत झाली तेव्हा बाहेरून फक्त पाटी बदललेली दिसली. आतून मात्र ग्रामसभा नावाची संस्थाच त्या हद्दीपुरती उरली नाही. हद्दीच्या अलीकडचा माणूस नगरसेवकाला प्रश्न विचारतो. पलीकडचा माणूस स्वतःच त्या सभेचा सभासद असतो, जिच्यापुढे पंचायतीला उभं राहावं लागतं. रस्ता तोच, भाषा तीच, नातेवाईकही तेच. अधिकार मात्र एवढ्याशा अंतरात बदलतो.

गावाकडे वळू, कारण खरी संपत्ती तिथे आहे.

ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १२४ म्हणजे पंचायत कशाकशावर कर आणि फी बसवू शकते याची यादी. ती सावकाश वाचावी. इमारती आणि जमिनी यांच्यावरचा कर, म्हणजे आपली घरपट्टी. दिवाबत्ती, सफाई, पाणीपट्टी. बाजार आणि आठवडे बाजारांवरची फी. बैलगाड्या आणि टांगे उभे करण्याच्या जागेची फी. पंचायतीच्या गायरानात गुरं चारण्याची फी. बाजारात विकलेल्या जनावराची नोंद करण्याची फी. सार्वजनिक रस्त्यावर तात्पुरता मांडव घातला किंवा जागा अडवली तर तिची फी. जुन्या महाराष्ट्रातलं गाव या यादीत डोळ्यांपुढे उभं राहतं. टांगे केव्हाच गेले, पण त्यांची ओळ कायद्यात आहे.

या यादीत जे नाही, ते पंचायतीला आपल्या मनाने घेता येत नाही. यादीतलं घ्यायचं तरी ठराव लागतो, दर ठरवावा लागतो, लोकांना कळवून हरकती मागवाव्या लागतात आणि ठरलेल्या नमुन्यातली पावती द्यावी लागते. बाजाराची वसुली लिलावाने ठेकेदाराला देता येते, आणि पुष्कळ ठिकाणी ती तशीच दिलेली असते. पण ठेका मिळाला म्हणून दर ठरवण्याचा अधिकार ठेकेदाराकडे जात नाही. पंचायतीने ठरवलेला दर बाजारात सगळ्यांना वाचता येईल अशा जागी लावलेला नसेल, तर पहिली मागणी त्या फलकाची करावी.

घरपट्टीची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९९९ नंतर राज्यात घराच्या क्षेत्रफळावर घरपट्टी आकारली जाऊ लागली. इतके चौरस फूट, इतका दर. काही लोकांनी या पद्धतीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने क्षेत्रफळावरची आकारणी टिकू दिली नाही, आणि सरकारला सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला. ३१ डिसेंबर २०१५ ला नवे नियम आले. ते भांडवली मूल्यावर आधारलेले आहेत. जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घराचं वय पाहून घट, घराचा वापर राहण्यासाठी की धंद्यासाठी, आणि मग दर हजारी कर. गावोगावचे कर ज्या सूत्राने मोजले जातात, ते सूत्रच प्रश्न विचारल्यामुळे बदललं.

हे सूत्र मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर लावून पाहा. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेणमातीचा लेप, वर कौलं. नियमांत झोपडी किंवा मातीच्या घराला सगळ्यांत खालचा दर आहे, आणि विटा-सिमेंटच्या, स्लॅबच्या घराला वरचा. आता त्याच कुटुंबाला शबरी योजनेतून किंवा पंतप्रधान आवास योजनेतून घरकुल मिळालं. कुडाच्या जागी विटांची भिंत आली, आणि नोंदवहीतला रकाना बदलला. हे नियमानुसारच आहे. पण कधी कुडाचं जुनं घर पाडलेलं असतं आणि नोंदीत ते तसंच राहतं. मग एका अंगणात दोन घरांची पट्टी येते. कधी लांबी-रुंदीचा आकडा चुकतो. कधी गुरांचा गोठा राहतं घर म्हणून लागतो. हे सगळं ज्या नोंदवहीत असतं तिचं नाव नमुना ८. मागणीची नोंद नमुना ९ मध्ये, आणि पैसे भरल्यावर हातात येते ती पावती नमुना १०. दर चार वर्षांनी आकारणी नव्याने होते, तेव्हा यादी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. त्या मुदतीत आपल्या घराची ओळ वाचणं हे पीक काढण्याइतकंच वेळेवर करायचं काम आहे. मुदत टळली की चूक पुढची चार वर्षं सोबत राहते.

यात जव्हार-मोखाड्याची एक खास अडचण आहे. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर जातात. दाराला कडी असते. हरकतींची नोटीस त्या महिन्यांत निघाली तर ती वाचायला गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं एवढीच असतात. कायद्यात मुदत सगळ्यांना सारखी आहे, पण वर्षातले सगळे महिने या लोकांसाठी सारखे नसतात. माझं स्पष्ट मत आहे की या दोन तालुक्यांत आकारणीची यादी पावसाळ्यातच लावली पाहिजे, भाताची आवणी उरकल्यावर, माणसं घरी असताना. ग्रामसभेने तसा ठराव करून पंचायतीकडे धरावा. त्यासाठी मंत्रालयाचा आदेश येण्याची वाट पाहण्याचं कारण नाही.

आणि दाखले अडवण्याबद्दल. पट्टी थकली म्हणून दाखला मिळत नाही, ही तक्रार महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ऐकायला मिळते. थकलेल्या कराच्या वसुलीची वाट ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ मध्ये घालून दिलेली आहे. आधी बिल, मग मागणीची लेखी नोटीस, आणि त्यानंतर जप्ती. बाळाच्या जन्माचा दाखला रोखून धरणं हा टप्पा त्या कलमात नाही.

कराचा पैसा कुठे जातो हा प्रश्नही इथे नवा नाही. इंग्रजांनी शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घ्यायला सुरुवात केली, रस्त्यांसाठी आणि शाळांसाठी. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा त्यांचा रोख नेमका इथे होता: पैसा रयतेच्या कष्टातून उभा राहतो, आणि शिक्षण मात्र वरच्या थरातल्या मुलांना मिळतं. आज पाड्यावरच्या सभेत कुणी उठून पट्टीचा हिशेब मागतो, तेव्हा तो फुल्यांनीच मळलेल्या वाटेने चालत असतो.

आता पेसा. हा कायदा इतका छोटा आहे की एका बैठकीत वाचून होतो. दिलीपसिंह भूरिया यांच्या समितीच्या शिफारशींवर तो उभा राहिला, आणि त्याचं सगळं बळ चौथ्या कलमात आहे. गाव म्हणजे काय, इथपासून तो सुरुवात करतो. महसुली नकाशावरचं गाव तो धरत नाही. एखादी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथले लोक आपल्या रूढीप्रमाणे आपला कारभार चालवतात, ते गाव. जव्हारच्या डोंगरात एका ग्रामपंचायतीत कितीतरी पाडे असतात, आणि दोन पाड्यांमध्ये कधी ओढा असतो, कधी आख्खा डोंगर. पंचायतीच्या कार्यालयात भरणाऱ्या ग्रामसभेला शेवटच्या पाड्यावरची म्हातारी पोचायची कशी? महाराष्ट्राने ४ मार्च २०१४ ला पेसाचे नियम काढले आणि त्यांत वाट दिली. पाड्याने आपला ठराव करावा, तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यावा, आणि चौकशीनंतर पाडा स्वतःच गाव म्हणून जाहीर व्हावा, स्वतःच्या ग्रामसभेसह. जव्हार आणि विक्रमगड भागात वयम् ही चळवळ पाड्यापाड्यांत बसून हे कायदे शिकवते, लोकांकडून अर्ज लिहून घेते, पोच मागायला शिकवते. अर्ज देताना पोच मागणं ही सवय साधी वाटते. पण ज्यांनी ती लावून घेतली त्यांच्याशी कचेरीतला माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

पेसाची ग्रामसभा काय करू शकते? दारूची विक्री आणि सेवन बंद करू शकते, किंवा त्याला बंधन घालू शकते. आदिवासींना कर्ज देणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवू शकते. आदिवासीची जमीन हातची जाऊ न देणं आणि बेकायदा गेलेली परत मिळवून देणं हे तिचं काम आहे. गौण वनोपजाची, म्हणजे मोहफुलं, बांबू अशा जंगलातल्या उत्पन्नाची, मालकी तिची आहे. गावातला बाजार, त्याला कोणत्याही नावाने ओळखा, त्याचं व्यवस्थापनही याच यादीत आहे. म्हणजे सुरुवातीच्या त्या प्रश्नाचं, 'कुठल्या कायद्याने', उत्तर गावाच्या हद्दीत बाजार भरत असेल तर अखेर त्या बाईपाशीच येऊन थांबतं. जी पावती तिला दिली जाते, त्या बाजाराची व्यवस्था कशी असावी हे ठरवणाऱ्या सभेची ती सभासद आहे. वजनकाटा खरा असावा, पाण्याची सोय असावी, रानभाजीच्या वाट्यावर किती घ्यावं किंवा काहीच घेऊ नये, हे सगळं तिला हात वर करून सांगता येतं.

याच चौथ्या कलमात एक तरतूद आहे, ती मला साऱ्या पंचायत कायद्यांतली सर्वांत सुंदर वाटते. ग्रामपंचायतीने योजनांवर केलेल्या खर्चाचा विनियोग दाखला ग्रामसभेकडून घ्यायचा. आपल्याकडे दाखला म्हणजे माणसाने कचेरीकडे मागायची गोष्ट. रहिवासी दाखला, जन्माचा दाखला, दारिद्र्यरेषेचा दाखला. त्यासाठी एकदा जा, दोनदा जा, भाऊसाहेब भेटतात का पाहा. (ग्रामसेवकाला सगळा महाराष्ट्र भाऊसाहेब म्हणतो, २०२४ पासून त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, तरी हाक तीच आहे.) आणि इथे कायद्याने ती वाट उलटी फिरवली आहे. पैसा खरंच खर्च झाला, खरंच कामावर झाला, असा दाखला भाऊसाहेबांनी आणि सरपंचांनी वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बायाबापड्यांकडून मागायचा. सभेला वाटलं की बंधारा कागदावरच आहे, तर दाखला द्यायचा नाही. १९९६ पासून हे कायद्यात लिहिलेलं आहे. हे किती ग्रामसभांमध्ये वाचून दाखवलं गेलं असेल, असा विचार मनात आला की हुरहूर लागते.

परवान्यांकडे येताना मोहाच्या फुलाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण या मुलखातला सर्वांत नवलाचा परवाना त्या फुलावर होता.

मोह फुलतो उन्हाळ्याच्या सुरुवातीला. रात्री फुलं गळतात, पहाटे झाडाखाली मऊ पिवळसर सडा पडलेला असतो. बायका आणि मुलं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. फुलं वाळवून ठेवली की पावसाळ्यातल्या उपाशी दिवसांत ती अन्न होतात. भाजून, उकडून, नाचणीच्या पिठात घालून. बियांचं तेल निघतं. दारूही निघते, आणि तिच्यामुळेच सारा इतिहास घडला. १८७८ च्या अबकारी कायद्याने इंग्रज सरकारने दारू गाळण्याचा धंदा मक्तेदारांच्या हाती दिला, कारण त्यातून महसूल मिळत होता. घराघरात फुलं असताना तो महसूल पुरता हाती येईना. म्हणून १८९२ मध्ये मुंबई सरकारने खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला, आणि तो ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी होता. झाडावरून जमिनीवर पडलेलं फूल उचलून घरात ठेवणं हा परवान्याचा विषय झाला. मोखाडा तेव्हा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात होता, शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग, म्हणून. जव्हार होतं संस्थान, आणि त्याचं उत्पन्न मुख्यतः जमिनीवर आणि जंगलावर चालायचं. एकाच डोंगररांगेत एका झाडाचं फूल इंग्रजांच्या कायद्यात आणि दुसऱ्याचं राजाच्या अमलात.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि मोहफुलांवरची बंधनं त्यात चालू राहिली. गोळा करायला, साठवायला, दुसरीकडे न्यायला, विकायला मर्यादा आणि परवाने. मग १९९६ मध्ये पेसाने सांगितलं की गौण वनोपजाची मालक ग्रामसभा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पुन्हा तेच सांगितलं. आणि तरीही दारूबंदीच्या नियमांतली मोहफुलाची बंधनं कागदावर तशीच राहिली. जवळजवळ पंचवीस वर्षं दोन कायदे एकमेकांसमोर उभे होते: एक म्हणत होता फूल तुझं आहे, दुसरा म्हणत होता परवाना दाखव. पोलिसाने किंवा अबकारीच्या शिपायाने फुलांची गोणी अडवली, तर पाड्यावरच्या माणसाने त्याला कोणता कायदा वाचून दाखवायचा? २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि त्यांची वाहतूक यांवरची बंधनं उठवली. दारू गाळायला परवाना लागतोच. पण फूल सुटलं, १८९२ पासून सव्वाशेहून अधिक वर्षांनी. आदिवासी संघटना, अभ्यासक, आमदार यांनी वर्षानुवर्षं एकच गोष्ट विचारली होती: जे आमचं अन्न आहे त्याला परवाना का?

बांबूचीही अशीच गोष्ट आहे, आणि ती गडचिरोलीत घडली. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. जंगल ग्रामसभेचं झालं, पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वन विभागाकडून आणावा लागे, आणि तो मिळेना. गावाने प्रश्न लावून धरला. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं, देवाजी तोफा यांच्यासारखे तिथले कार्यकर्ते ज्यासाठी वर्षानुवर्षं झटले होते. परवाना मागणारं गाव परवाना देणारं झालं. जव्हार-मोखाड्यात टोपल्या, सुपं, कणग्या विणणारे हात पुष्कळ आहेत. त्यांनी मेंढा-लेखाची गोष्ट तपशिलात वाचावी, कारण कायदा दोन्हीकडे एकच आहे.

लहान धंद्यांच्या बाकी परवान्यांबद्दल थोडक्यात. बचत गटाने नाचणीचे पापड विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. ती २००६ च्या केंद्रीय कायद्याखाली होते आणि लहान उत्पादकाला तिची फी वर्षाला १०० रुपये आहे. छोट्या दुकानांना तर २०१७ च्या कायद्याने मोठी सूट दिली: ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीचा दाखला नको, फक्त माहिती कळवायची. ग्रामपंचायतीने धंद्यावरच कर म्हणून पावती दिली, तर मात्र थांबून कलम विचारावं. त्याचं कारण मुंबईतल्या पगाराच्या चिठ्ठीत सापडतं.

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, आणि फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीतच शंभर जास्त का, हे कापून घेणाऱ्या लेखनिकालाही अनेकदा सांगता येत नाही. घटनेच्या कलम २७६ ने व्यवसायावरच्या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. अकरा महिने २०० म्हणजे २,२००, आणि उरलेले ३०० शेवटच्या टप्प्यात. हा कर महाराष्ट्राने १ एप्रिल १९७५ पासून सुरू केला, तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये हमीच्या कामाचा प्रयोग केला होता, १९७२ च्या दुष्काळात त्याची योजना झाली, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि त्या योजनेच्या निधीत शहरातल्या कमावत्यांचा हा कर आणि त्याच्या जोडीला राज्याचा वाटा पडू लागला. चर्चगेटच्या कचेरीत काम करणाऱ्या माणसाच्या पगारातून गेलेले पैसे जव्हारच्या डोंगरात पाझर तलावाच्या मातीवर मजुरी म्हणून आले. दोघांना एकमेकांची नावं माहीत नव्हती. देशाने २००५ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या आधी महाराष्ट्राने या नात्यावर तीस वर्षं काढली होती.

राज्याने हा कर आपल्याकडे घेतला, तेव्हा त्याच कायद्याने स्थानिक संस्थांना व्यवसायावर वेगळा कर घेण्यास मनाई केली. म्हणून चहाच्या टपरीला किंवा पिठाच्या गिरणीला ग्रामपंचायत जागेची फी लावू शकते, इमारतीची पट्टी लावू शकते, पण धंदा करतो म्हणून धंद्यावर कर लावू शकत नाही.

प्रश्न विचारणाऱ्याला सरकारविरोधी ठरवण्याची एक वाईट सवय आपल्या गावकारभारात आहे. ती या भागात विशेष घातक आहे, कारण इथल्या माणसाने पिढ्यान्पिढ्या वेठबिगार सोसली आहे. १९४५ मध्ये किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या सोबतीने वारली उभे राहिले, तेव्हा मालकाला प्रश्न विचारणंच आधी शिकावं लागलं होतं. कर भरण्याला या लोकांचा विरोध नाही. कुणाला किती आणि कशासाठी द्यायचं हे समजून द्यायचं आहे. अशी माणसं असलेली पंचायत पैशाने गरीब असली तरी मजबूत असते.

म्हणून जव्हार-मोखाड्यातल्या आणि बाहेरच्याही वाचकांना विनंती आहे. आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा एप्रिल-मेमध्ये व्हायला हवी, आणि तिच्यासमोर मागच्या वर्षाचे हिशेब आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप ठेवणं पंचायतीवर बंधनकारक आहे. त्या सभेला घरपट्टीची शेवटची पावती सोबत न्या. नमुना ८ मधली आपल्या घराची ओळ वाचून दाखवायला सांगा. बाजाराचे दर कुठल्या ठरावाने आणि कुठल्या तारखेला ठरले ते विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आकारणी चुकीची वाटली तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नुसार पंचायत समितीकडे अपील करता येतं, आणि तिथेही समाधान झालं नाही तर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. कागदच दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्जाला १० रुपये लागतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ते १० रुपयेही माफ आहेत.